प, त, क, र

मंगळवारी शगुफ्ता येते.
द्वारकेच्या सर्कलला अडकले, असं आधी फोनवर,
मग हेल्मेट काढते, हात धुते
आणि माझ्या गळ्यावर चार बोटं ठेवते,
आत कुणी राहतं का, हे
दार न वाजवता विचारावं तशी.
"गिळा काका."

काय काय गिळलंय, सांगू हिला?
प्रेसमध्ये छत्तीस वर्षं
आपल्या नसलेल्या नोटा मोजल्या,
साहेबाचे शब्द गिळले,
बढती हुकली तो राग तर पाण्याशिवाय.
तेव्हा कधी ठसका लागला नाही.
आता फुलपात्रातला अर्धा घोट
वाट चुकून फुप्फुसात जातो.

केतकी सेंदाईला, वृद्धाश्रमात नोकरीला.
बाबा, इथे नाकातून कॅमेरा घालून
घशाचा सिनेमा बघतात.
दाटपणाला नंबर असतात, अगदी पाण्याच्यासुद्धा.
दात बघायला वेगळा माणूस, ताट बघायला वेगळा.
पीच वाटून त्याची जेली करतात
आणि पुन्हा पीचच्याच आकारात वाढतात,
म्हाताऱ्याला वाटावं, फळ खातोय.
जेवणाआधी सगळे एका सुरात म्हणतात,
पा, ता, का, रा.
आधी ओठ, मग जिभेचं टोक, मग बूड,
मग परत टोक, पण वळवून.

तो कॅमेरा इथेही आहे म्हणे, मोठ्या दवाखान्यात.
नंबर पुढच्या महिन्यातला.
खर्च विचारून ही गप्प बसली.
तोवर चार बोटं.
आणि दाटपणाचं माप हिच्या पळीत:
कढीच्या पलीकडे, पिठल्याच्या अलीकडे.
धार तुटली नाही तर अजून थोडी नाचणी.

पा-ता-का-रा ऐकून शगुफ्ता खूप हसली.
"हे तर आपले कंडक्टर म्हणायचे!"
पंचवटी. तपोवन. कारंजा. रामकुंड.
दहा वेळा, तोंड मोठं उघडून.
मी म्हणतो.
कारंज्याला जीभ अडते,
रामकुंडाला लाळ गळते, ही पदराने टिपते.
भिंतीपलीकडून विचारतात,
काका रोज कुठे निघतात हो?

बेबीवन्स गंगेवरून पाणी घेऊन आल्या,
तांब्याच्या लोटीत.
चमचाभर घाला तोंडात, बरं असतं.
ही पांढरीफटक.
ते पाणी कधी घालतात, कुणाला ठाऊक नाही?
शगुफ्ताने लोटी पाहिली, मला पाहिलं.
"नळाचं असो की गंगेचं, पातळ चालणार नाही."
मग स्वतःच गाळलं, आरारूट घालून उकळलं,
ढवळत राहिली गार होईस्तोवर.
हनुवटी छातीला. गिळा.
आता रिकामंच, पुन्हा एकदा.
गेली.
बासष्ट वर्षं काठावर काढली,
गंगा खाल्ली पहिल्यांदाच.

केतकी म्हणाली, ओनोदा आजोबांना एक वाटी भरवायला
आज सव्वा तास लागला.
मी मराठीतच म्हणते, गिळा बाबा.
त्यांना कळतं.
मग ती काही बोलली नाही,
मीही.
आवंढा आला होता; तो कसा गिळायचा
ते अजून कुणी शिकवलेलं नाही.

ठसका लागला की कुणीतरी आठवण काढतं म्हणतात.
"आठवण नाही काका, घाई,"
असं शगुफ्ता कोकणी म्हणते.

आज चहा. घट्ट, कोमट,
अर्धा चमचा.
बोटांखाली काहीतरी वर उचललं गेलं, खाली आलं.
"आता आ म्हणा."
आ.
मान तिरकी करून ती ऐकते,
आत पाणी वाजतंय का.
"आवाज कोरडा आहे," म्हणते, आणि तिचा चेहरा उजळतो.

असं कुणी एरवी म्हटलं असतं
तर चार दिवस मनात ठेवलं असतं मी.
दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.